16 कोटींच्या इंजेक्शनचे कूळ

2021 च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीला 16 कोटींचे इंजेक्शन मिळाले. ती बातमी आमच्या खानदेशातल्या देवपुरातही मोबाइलवरून मोबाइलवर फिरली. पैसे लोकांनी जमवले होते. आयातशुल्क आणि जीएसटी मिळून सुमारे 6 कोटी केंद्राने माफ केले. आमच्याकडे वर्गणी म्हणजे गणपतीची नाहीतर भंडाऱ्याची. मागणारा ओळखीचा, हातात पावतीपुस्तक. औषधासाठी अनोळखी बाळाच्या नावाने एवढी रक्कम उभी राहते याचेच सगळ्यांना नवल. एक मात्र कोणी विचारले नाही: हे औषध मुळात तयार कोणाच्या पैशाने झाले?

शोधत गेले तर तिथेही वर्गणीच निघते.

1958 मध्ये फ्रान्समधल्या योलेन द केपेर या बाईंनी स्नायूंच्या आजारांसाठी संघटना काढली. त्यांना सात मुले, त्यातल्या चार मुलग्यांना ड्यूशेन हा स्नायू झिजवणारा आजार. पुढची बरीच वर्षे संघटनेकडे चिकाटी होती, पैसा नव्हता. अमेरिकेत विनोदी नट जेरी लुईस 1966 पासून अशा रुग्णांसाठी टीव्हीवर रात्रभर कार्यक्रम करून देणग्या मागत असे. फ्रेंच संघटनेतल्या बर्नार बारातो आणि पिएर बिरांबो या आजारी मुलांच्या दोन बापांनी ती युक्ती उचलली. डिसेंबर 1987 मध्ये पहिला फ्रेंच ‘टेलेथॉन’ 30 तास चालला आणि 18 कोटींहून अधिक फ्रँक जमले.

पुढचा निर्णय मला या कथेतला सर्वांत धाडसी वाटतो. चाकाच्या खुर्च्या वाटून लगेच दुवा मिळाला असता. या लोकांनी मोठा पैसा जनुकांच्या शोधात घातला. 1990 मध्ये एव्री गावात ‘जेनेथॉन’ ही प्रयोगशाळा उभी राहिली. मानवी जनुकसंचाचे तिथे तयार झालेले नकाशे 1992 मध्ये जगाला फुकट दिले गेले. 1995 मध्ये पॅरिसच्या ज्युडिथ मेल्की यांच्या गटाला एसएमएन1 हे जनुक सापडले. ते बिघडले की पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात. बाळ मान धरत नाही, पुढे श्वासही जड होतो. हाच एसएमए (स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी), मुंबईच्या त्या मुलीचा आजार. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक.

चांगले जनुक त्या पेशींपर्यंत न्यायचे कसे? जेनेथॉनच्या मार्टिन बार्का यांनी दाखवले की एएव्ही9 हा निरुपद्रवी विषाणू शिरेतून दिला तरी कण्यापर्यंत पोहोचतो. त्याच सुमारास अमेरिकेत ओहायोतल्या ब्रायन कॅस्पर यांच्या गटालाही तेच दिसले. त्यावर अव्हेक्सिस कंपनीने औषध उभे केले आणि 2018 मध्ये जेनेथॉनकडून पेटंटचा परवाना घेतला. त्याच वर्षी नोव्हार्टिसने ही कंपनी 870 कोटी डॉलरना विकत घेतली. मे 2019 मध्ये अमेरिकेत झोलगेन्स्मा, म्हणजे तेच 16 कोटींचे इंजेक्शन, मंजूर झाले, किंमत 21.25 लाख डॉलर. टेलेथॉनवाल्यांनी या किमतीवर जाहीर नाराजी दाखवली, पण परवाना देऊन झाला होता. वर्गणीदाराच्या पावतीवर किमतीची अट लिहिलेली नसते.

आपली वर्गणी बहुतेक वेळा या साखळीच्या शेवटच्या कडीला, खरेदीला जाते. मार्च 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणातही लोकवर्गणीसाठी पोर्टल आले ते उपचाराच्या खर्चाकरता. पुढच्या वर्षी सरकारी मदतीची मर्यादा 50 लाखांवर गेली. बंगळूरचा ‘डार्ट’ हा ट्रस्ट वेगळा: ड्यूशेनच्या मुलांच्या पालकांनी तिथे स्वतःची प्रयोगशाळाच काढली.

खानदेशात मात्र असा आजार दुर्मिळही नाही. सातपुड्याच्या पायथ्याला भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे. तोही जनुकातलाच दोष. 2023 च्या डिसेंबरात अमेरिकेत त्यावरचे जनुक-उपचार मंजूर झाले, त्यातल्या एकाची किंमत 22 लाख डॉलर. पाड्यावर रुग्णाला मिळते ती हायड्रॉक्सीयुरियाची गोळी.