"पाणी फक्त टायरपर्यंत होतं": बैलाच्या दातांपासून गाडीच्या किलोमीटरपर्यंत

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झाला, म्हणून आधी तो मेसेज काय होता ते सांगतो.

आपला एक श्रोता साताऱ्यात एमआयडीसीत कामाला आहे. घर सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या गावात. आईला दर पंधरा दिवसांनी मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं. एसटीने जायचं तर दोन गाड्या बदलायच्या आणि आईला ते आता झेपत नाही. भाड्याची गाडी केली तर एका फेरीला बाराशे रुपये. अशात त्याला एक जुनी गाडी सापडली. २०१२ चं पेट्रोल मॉडेल, एमएच-१० पासिंग, किंमत १ लाख २० हजार. तसल्याच गाडीला बाकीचे लोक पावणेदोन लाख सांगतायत. मग ही एवढी स्वस्त का? मालक म्हणाला, "२०१९ च्या पुरात गाडी अंगणात उभी होती. पण पाणी फक्त टायरपर्यंत होतं."

आणि शेवटी आमच्या श्रोत्याचा प्रश्न, "दादा, घेऊ का नको?"

आता मी काही मेकॅनिक नाही, मी इतिहास सांगणारा माणूस. पण विचार करायला लागलो तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न गाड्यांपेक्षा जुना आहे. आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत तर हा प्रश्न दरवर्षी यात्रेत विचारला जायचा. फक्त तेव्हा गाडीच्या जागी बैल असायचा.

चला, आधी यात्रेत जाऊ.

खटाव तालुक्यातलं पुसेगाव. तिथे सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. तिकडे आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा. दोन्हीकडे खिलार जनावरांचा मोठा बाजार. पांढरीशुभ्र, लांब शिंगांची, चपळ जनावरं. माणदेशातल्या शेतकऱ्यासाठी बैलजोडी म्हणजे त्या काळातला ट्रॅक्टर, टेम्पो आणि घरची गाडी, सगळं एकातच. जोडी चुकली म्हणजे वर्ष चुकलं.

मग तो शेतकरी बैल घ्यायचा कसा? पहिलं काम, तोंड उघडून दात मोजायचे. दुधाचे दात असतील तर अदात. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि आठही दात आले की बैल "जुळला". दातांवरून वय कळतं, म्हणजे हे झालं बैलाचं किलोमीटर रीडिंग. पण गंमत बघा, एकदा बैल जुळला की पुढचं वय दात मोजून कळत नाही. दात किती झिजलेत ते बघायचं आणि बाकी विकणाऱ्याच्या शब्दावर. साधारण पाच वर्षांनंतर बैलाचं मीटर बंद पडायचं म्हणा ना!

म्हणून जाणता माणूस दातांवर थांबायचा नाही. बैल चालवून बघायचा. खूर बघायचा, खांद्यावर जुनी जखम आहे का ते चाचपायचा. भरल्या गाडीला जुंपून बघायचा. बसका आहे का, मारका आहे का, म्हणजे काही खोड आहे का, हे विचारायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: "पाव्हणं, गाव कुठलं?"

हा प्रश्न ओळख वाढवायला नसायचा. गाव कळलं की त्या गावचा सोयरा शोधता यायचा. सोयरा सापडला की बैलाची खरी गोष्ट कळायची. शिवाय विकणाऱ्यालाही माहीत असायचं की पुढच्या वर्षी याच यात्रेत, याच माणसांसमोर यायचंय. खोडीचा बैल गळ्यात मारला तर पुढच्या वर्षी आपल्या दावणीसमोर कोण थांबणार? सौदा व्हायचा रुमालाखाली, बोटं दाबून, म्हणजे भाव बाकीच्यांना कळायचा नाही. पण बैल वाईट निघाला तर ते मात्र अख्ख्या पंचक्रोशीला कळायचं.

थोडक्यात, त्या बाजारात विश्वास फुकट मिळत नव्हता. दात, चाल आणि गाव, या तीन गोष्टींतून तो तयार व्हायचा.

आता इथून थेट अमेरिकेत जाऊ. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक छोटा लेख छापला. छापण्याआधी तो अनेक ठिकाणांहून परत आला होता. पुढे २००१ मध्ये त्याच विचारासाठी त्याला नोबेल मिळालं. हा माणूस १९६७-६८ च्या सुमारास वर्षभर भारतात राहून गेलेला आणि त्या लेखात आपल्याकडच्या सावकारीचंही उदाहरण आहे.

त्याचं म्हणणं असं. समजा बाजारात दोन प्रकारच्या गाड्या आहेत. चांगली २ लाखांची, खराब १ लाखाची. बाहेरून दोन्ही सारख्याच चकाचक. तुम्हाला फरक कळत नाही, म्हणून तुम्ही मधला भाव धरता, दीड लाख. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, "दीड लाखात कशाला देऊ?" आणि तो गाडी घरीच ठेवतो. खराब गाडीचा मालक मात्र खुशीत पुढे येतो. हळूहळू बाजारात खराब गाड्याच जास्त उरतात. अमेरिकेत असल्या गाडीला लिंबू म्हणतात. आपण गाडीच्या पुढे लिंबू बांधतो, त्यांच्याकडे गाडीच लिंबू निघते!

म्हणजे स्वस्त गाडी बघितली की पहिला प्रश्न "किती वाचले?" हा नाही. पहिला प्रश्न, "विकणाऱ्याला असं काय माहीत आहे, जे मला माहीत नाही?"

पण थांबा. आपल्याकडे एक काळ असाही होता, जेव्हा हा नियम उलटा चालायचा.

परमिट राजचा काळ. गाडी किती बनवायची, हे कारखाना नाही तर सरकार ठरवायचं. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्स. ती काढली वालचंद हिराचंद यांनी, ज्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज सांगलीत विश्रामबागला आहे. त्यांची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी आणि दुसरीकडे अँबेसिडर. तिसरा पर्याय जवळजवळ नव्हताच. दुचाकीचंही तेच. १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली, तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात "प्रिया" स्कूटर तयार व्हायची. तुमच्या आजोबांना विचारा, स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबायचे.

मग झालं काय? नंबर लागायला वर्षं जाणार असतील, तर आज हातात मिळणारी जुनी स्कूटर जास्त मोलाची. कधी कधी वापरलेल्या स्कूटरला नव्यापेक्षा जास्त पैसे मोजले जायचे. त्या काळात जुनी गाडी बघताना लोक "बिघडेल का?" असं विचारत नसत, कारण बिघडणारच होती. प्रश्न असायचा, "दुरुस्त करणारा कोण आहे?" खंबाटकी घाटात फियाट तापून उभी राहायची, बॉनेट उघडं, पेट्रोल पंपावर ओलं फडकं. मालकाला निम्मी मेकॅनिकी येत असे. नाही आली तर गाडी घाटातच राहायची.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० मालकाच्या ताब्यात गेली आणि चित्र पालटलं. १९९१ नंतर तर कंपन्यांची रांग लागली. गाड्या वाढल्या, तशा जुन्या गाड्याही वाढल्या. साताऱ्यात, सांगलीत, कराडला गाडीबाजार उभे राहिले. पण यात एक गोष्ट हरवली. विकणारा आणि घेणारा आता पुढच्या यात्रेत भेटणार नव्हते. मोबाईलवर फोटो बघून गाडी ठरते, पैसे दिले की मालक कोण आणि आपण कोण.

आणि मग आला ऑगस्ट २०१९.

कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला. कराडला तिला कोयना मिळते. कोयना धरण सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. म्हणजे वर साताऱ्यात जे पडतं आणि सोडलं जातं, ते खाली सांगलीला येतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर लोकांनी पाहिला होता, त्याच्या खुणा भिंतींवर होत्या. त्या खुणांवर विसंबून राहिलेल्यांना पाण्याने त्याच्याही वर गाठलं. २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला.

माणसं वाचवायची धावपळ होती, गाड्यांकडे कोण बघणार? हजारोंच्या गाड्या जागेवर बुडाल्या. ज्यांचा फक्त थर्ड पार्टी विमा होता, त्यांना काहीच मिळालं नाही, कारण तो विमा पुरात बुडालेल्या आपल्या गाडीसाठी नसतो. ज्यांचा पूर्ण विमा होता, त्यांच्यापैकी काहींची गाडी "टोटल लॉस" ठरली. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की असं ठरवतात. मग अशा गाड्या लिलावात जातात. काही भंगारात तुटतात. काही धुऊन, पुसून, सीट कव्हर घालून परत रस्त्यावर येतात.

बुडालेल्या गाडीची खोड लगेच दिसत नाही. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ते निदान लगेच कळतं. पण वायरिंगच्या जोडांत आणि फ्यूज बॉक्सच्या पिनांवर बसलेला गंज वर्ष-दोन वर्षं शांत बसतो. मग एके रात्री हेडलाइट जाते, नाहीतर गाडी चालता चालता बंद पडते.

म्हणून बघायचं काय? मॅट उचला, खाली गाळाची रेघ आहे का? सीटच्या पट्ट्या गंजल्यात का? सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकाला डाग असेल तर समजून जा. स्टेपनीच्या खड्ड्यात माती आहे का? हे आजचे दात. चाल बघायची तर गाडी थंड असताना आपल्या हाताने सुरू करा आणि साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढा. तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवा.

कागदही बघा. वाहन पोर्टलवर मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, चलन थकलीत का, ते दिसतं. विम्याच्या जुन्या पॉलिसी मागा. क्लेम घेतला असेल तर पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस शून्यावर येतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणून निश्चिंत होऊ नका, नाव बदलून घ्याच. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार. आणि २०१२ ची गाडी म्हणजे २०२७ ला १५ वर्षं पुरी. पुन्हा तपासणी, ५ हजार रुपये नूतनीकरण शुल्क, वर पर्यावरण कर.

हे सगळं मी आपल्या श्रोत्याला फोनवर सांगितलं. आणि मग यात्रेतला प्रश्न विचारला. "मालकाचं गाव कुठलं?"

तो म्हणाला, "आमच्या शेजारचंच."

"२०१९ ला ते घरातून बाहेर कसे पडले?"

फोनवर दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, "होडीतून."

माणूस होडीतून बाहेर पडला आणि अंगणातल्या गाडीला पाणी टायरपर्यंत?

मंडळी, मी त्या मालकाला लबाड म्हणणार नाही. घर बुडालं, रान बुडालं, त्यात गाडीही बुडाली. खरं सांगितलं तर कोणी विचारणार नाही, ही त्याची भीती आहे. अकरलॉफने जे कागदावर लिहिलं ते हा माणूस जगतोय. पण त्याची अडचण आपल्या आईच्या वाट्याला येऊ द्यायची का?

साधा हिशोब करा. महिन्याला दोन फेऱ्या, २ हजार ४०० रुपये. वर्षाचे २८ हजार ८००. म्हणजे १ लाख २० हजारांत चार वर्षांहून जास्त भाड्याच्या फेऱ्या होतात आणि यात विमा, पेट्रोल, दुरुस्ती धरलेलीच नाही. गाडी हवीय ती खरं म्हणजे त्या एका रात्रीसाठी, जेव्हा अचानक मिरज गाठावं लागेल आणि भाड्याची गाडी मिळणार नाही. आणि नेमक्या त्याच रात्री दगा देण्याची शक्यता या गाडीत जास्त आहे. ज्या कामासाठी घ्यायची, त्याच कामाला ती भरवशाची नाही.

म्हणून माझं उत्तर, ही गाडी नको. घाईही नको. तोवर गावातल्या एखाद्या गाडीवाल्याशी रात्री-अपरात्रीचं बोलून ठेव. आणि गाडी शोधायचीच तर नदीकाठ सोडून वर जा. जत, आटपाडी, माण, खटाव. ज्या भागाला आपण आयुष्यभर दुष्काळी म्हणत आलो, तिथल्या गाडीला पुराचं पाणी लागलेलं नसतं. धूळ असेल, शॉकअप गेलेले असतील, ते दिसतं आणि बदलता येतं.

आजोबा बैल आणायला तिकडेच जायचे. नातवाने गाडी आणायला जायला हरकत नाही. जाताना मेकॅनिक सोबत घे आणि गाडीच्या आधी गाव विचार.

आपल्या श्रोत्याचा काल मेसेज आला. त्याने गाडी सोडली. रविवारी आटपाडीला एक बघायला चाललाय, मामा तिथलेच आहेत. काय होतंय ते पुढच्या भागात सांगतो. तोवर तुमच्या घरात पहिली जुनी गाडी कुठून आली, कोणी बघून घेतली, हे घरच्या मोठ्यांना विचारा आणि मला पाठवा. भेटू.