पेटती वात आणि उंदीर

शिवकाळ म्हटला की लढाया आठवतात, किल्ले आठवतात. पण १६७०च्या दशकात चिपळूण परिसरात छावणीला असलेल्या घोडदळाच्या पागेतल्या जुमलेदार-हवालदारांना शिवाजी महाराजांनी धाडलेलं एक पत्र चक्क वैरणीबद्दल आहे.

पावसाळा तोंडावर होता. साठवलेला दाणागोटा आत्ताच मनाला येईल तसा उधळला, तर भर पावसात घोडी उपाशी मरतील. मग शिपाई कुणब्यांच्या दारात जातील. कोणी दाणे उचलेल, कोणी भाकर, कोणी गवत, फाटी, भाजी. रयत गाव सोडून जाईल आणि तिला मोगल परवडले असं वाटेल. हवं ते बाजारातून विकत आणा, असा हुकूम. त्यासाठी पैसे दिलेलेच होते.

शत्रूसमोर धाडस दाखवणाऱ्यांना गरिबाच्या दारात हात आवरायला मात्र सांगावं लागत होतं.

पुढे तर राजा थेट उंदरांवर येतो! रात्री दिवा जळता राहिला, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी भडकेल. चुली पेटवणारे, तंबाखू ओढणारे, सगळ्यांवर नजर ठेवा. एकदा सगळं जळालं, की कुणब्यांच्या गर्दना मारल्या किंवा कारकुनांना धारेवर धरलं तरी पागा पुन्हा उभारायला एक लाकूडही मिळायचं नाही.