हिस्टामीन ग्राही आणि व्यायामोत्तर रक्तदाब

व्यायाम चालू असताना आकुंचक रक्तदाब वाढतो. थांबल्यावर मात्र तो मूळ पातळीवर येऊन स्थिरावत नाही, तिच्याही खाली उतरतो. मध्यम तीव्रतेने तासभर सायकल चालवल्यानंतर निरोगी माणसाचा सरासरी रोहिणीदाब साधारण ५ ते १० मिमी पारा इतका घटतो आणि ही घट दोनेक तास टिकू शकते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत ती बहुधा अधिक असते. ही थकव्याची खूण मानण्याचा मोह होतो. उपलब्ध पुरावा मात्र वेगळे सांगतो: काम केलेल्या स्नायूंतील रक्तवाहिन्या हिस्टामीनच्या संदेशाने रुंदावलेल्या राहतात, आणि दाब उतरण्यामागे ही शरीराची सक्रिय क्रिया असते.

हिस्टामीन रक्तदाब उतरवते हे हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० मध्येच दाखवले होते. आकुंचन पावणाऱ्या स्नायूतून येणाऱ्या नीलारक्तात ते सापडते, असे अनरेप आणि बारसूम यांनी १९३५ मध्ये मांडले. तरीही पुढील अनेक दशके हिस्टामीन म्हणजे ॲलर्जी आणि जठराम्ल, इतकीच त्याची ओळख राहिली. त्याचे एच-१ ग्राही मुख्यतः रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर, तर एच-२ ग्राही तिच्या भित्तीतील स्नायूवर काम करतात. दोघांचाही परिणाम वाहिनी सैल होण्यात होतो. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठात जॉन हॅलिविल यांच्या गटाने २००५ मध्ये फेक्सोफेनाडिन देऊन एच-१ ग्राही रोखले, तेव्हा व्यायामानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातील वाहिनीप्रसरण ओसरले. पुढच्या वर्षी रॅनिटिडिनने एच-२ ग्राही रोखल्यावर तासाभरानंतरचे प्रसरण घटले. म्हणजे हे दोन ग्राही एकामागोमाग सूत्र हाती घेतात. दोन्ही एकत्र रोखले तर व्यायामोत्तर प्रसरणाचा सुमारे ८० टक्के भाग नाहीसा होतो. ज्यांच्यावर आधी संशय होता ते नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टाग्लँडिने रोखूनही या प्रसरणात असा फरक पडला नव्हता, हे ध्यानात घेतले की या निष्कर्षाचे वजन कळते.

यावर पहिला आक्षेप असा, की औषधे स्वतःच रक्तदाबात ढवळाढवळ करत असतील. पण विश्रांतीच्या अवस्थेत हीच मात्रा रक्तदाब किंवा पायातील रक्तप्रवाह लक्षणीय बदलत नाही, आणि फेक्सोफेनाडिन मेंदूत फारसे शिरत नाही, त्यामुळे गुंगीचे कारणही पुढे करता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: तोंडाने घेतलेले औषध सर्वांगभर पसरते, मग हिस्टामीन स्नायूतलेच आहे हे कशावरून? त्याचे उत्तर सूक्ष्म अपोहनाने मिळाले. मांडीच्या स्नायूत केसासारखी बारीक नळी बसवून तेथील द्रव तपासला असता व्यायामाबरोबर हिस्टामीन वाढलेले दिसले. त्याचे दोन उगमही उघड झाले: मास्ट पेशींनी साठा मोकळा करणे आणि हिस्टिडिनपासून जागेवरच नवे हिस्टामीन तयार होणे. या कथेतला हा सर्वांत भक्कम दुवा आहे, कारण येथे ॲलर्जीचा कोणताही कारक नसताना मास्ट पेशी केवळ स्नायूंच्या श्रमाला प्रतिसाद देतात.

तिसरा आक्षेप मान्यच करावा लागतो. रक्तदाब उतरण्याचे सारे श्रेय हिस्टामीनला देता येत नाही. व्यायामानंतर मेंदू रक्तदाबाचे नियमन नव्या, खालच्या पातळीवर बसवतो आणि रक्तवाहिन्यांना आकसवणारे अनुकंपी चेतासंदेश मंदावतात. हा भाग हिस्टामीनपासून स्वतंत्र आहे. दीर्घकाळ धावण्याचा सराव असलेल्या पुरुषांत तर घट मुख्यतः हृदयाचे उत्क्षेपण कमी झाल्याने होते, वाहिन्या सैल झाल्याने नव्हे. प्रत्यक्ष व्यायाम चालू असतानाही रक्तप्रवाह वाढवणाऱ्या यंत्रणा इतक्या आहेत, की एक दुवा निखळला तर दुसरे त्याची जागा बऱ्याच अंशी भरून काढतात. म्हणूनच हिस्टामीनचा ठसा श्रमाच्या वेळेपेक्षा विसाव्यात ठळक उमटतो.

मग काही तासांच्या या प्रसरणाला महत्त्व कशासाठी द्यायचे? बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा आठवड्यांच्या सायकल-प्रशिक्षणाच्या काळात दोन्ही ग्राही रोखून ठेवले. अशा स्वयंसेवकांत व्यायामक्षमता, साखरेचे नियंत्रण आणि रक्तवाहिन्यांचे कार्य यांतील अपेक्षित सुधारणा खुंटली. प्रत्येक व्यायामानंतरचा हा संदेश शरीराच्या दीर्घकालीन जुळवणीत सामील आहे, असे यावरून मानण्यास आधार मिळतो, जरी प्रयोग लहान होता. ॲलर्जीसाठी रोज गोळी घेणाऱ्यांनी त्यावरून ती बंद करण्याचा निष्कर्ष काढू नये: ओरेगनच्या प्रयोगांत फेक्सोफेनाडिनची मात्रा ५४० मिलिग्रॅम होती, नेहमीची दैनिक मात्रा १२० किंवा १८० मिलिग्रॅम असते, शिवाय गेंटच्या प्रयोगात एच-१ बरोबर एच-२ ग्राहीही रोखलेले होते, आणि ॲलर्जीची गोळी केवळ एच-१ वर काम करते.