केशवमास्तरांच्या नावाचं स्मारक

मालगुंडच्या ज्या घरात कृष्णाजी दामले जन्मले, त्या घराला आज कृष्णाजींच्या नावाने कुणी ओळखत नाही. गणपतीपुळ्याच्या रिक्षावाल्याला ‘कृष्णाजी दामल्यांचं घर’ म्हणून सांगितलं तर तो विचारात पडेल. ‘केशवसुत’ म्हणा, थेट स्मारकाच्या दारात नेऊन सोडेल. पाटीवर झळकतं ते नाव मुळात वडिलांचं. कोकण मराठी साहित्य परिषदेने तीन दशकांहून अधिक काळ सांभाळलेल्या या स्मारकाची वाटचाल सांगायची, तर ‘केशव’ या नावापासूनच निघायला हवं.

हे केशवपंत दामले शाळामास्तर होते. पुढे प्रकृती साथ देईना म्हणून मास्तरकी सोडून त्यांनी विश्वनाथ नारायण मंडलिकांच्या दापोलीकडल्या खोतीचा कारभार पाहिला. पुतळा उभारावा असं त्यांनी काही केलं नव्हतं. मुलं मात्र तिघं नावाजली. मोरो केशवांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिलं, सीताराम केशव पत्रकार आणि कादंबरीकार झाले, आणि कृष्णाजी केशवांनी मराठी कवितेचं वळणच बदललं. कृष्णाजींच्या जन्माच्या दोन तारखा सांगतात, १५ मार्च आणि ७ ऑक्टोबर. साल १८६६, त्याबद्दल वाद नाही.

कृष्णाजी आणि केशव ही दोन्ही नावं एकाच देवाची. संध्येतल्या चोवीस नावांतलं पहिलं केशव. आचमनाचा पहिला घोट याच नावाने घेतला जातो. बारा महिन्यांच्या बारा विष्णुनामांत मार्गशीर्ष केशवाचा. अर्थ मात्र एक नाही. व्याकरणाच्या वाटेने गेलं तर केशव म्हणजे सुंदर केसांचा. पाणिनीने या शब्दासाठी वेगळं सूत्रच केलं आहे. पुराणांच्या वाटेने गेलं तर कंसाने पाठवलेल्या केशी नावाच्या घोडारूपी दैत्याला मारणारा तो केशव. विष्णुपुराणात तर नारदच कृष्णाला सांगतो, की केशीला मारलंस म्हणून लोक तुला या नावाने ओळखतील. मला स्वतःला केसांचा अर्थ जास्त पटतो. आधी नाव असावं आणि गोष्ट त्याला मागाहून चिकटली असावी, असं वाटतं. मूर्तिशास्त्राला या दोन्हींशी देणंघेणं नाही. चार हातांत पद्म, शंख, चक्र, गदा कोणत्या क्रमाने आहेत, यावरून मूर्ती केशवाची की माधवाची की नारायणाची हे ठरतं. मालगुंडच्याच तालुक्यात कोळिसऱ्याला लक्ष्मीकेशवाचं देऊळ आहे. कोकणातल्या कितीतरी घराण्यांचं ते कुलदैवत. कुलदैवतच केशव असलेल्या मुलखात पोराचं नाव केशव ठेवायला वेगळं कारण लागत नसे.

आणि ते ठेवलं जाई ते आजोबांचं म्हणून. नातवाला आजोबांचं नाव, त्याच्या नातवाला पुन्हा तेच. एक पिढी सोडून नाव परत घरी यायचं. यात एक अडचण असे. सासऱ्याचं नाव सुनेने उच्चारायचं नाही, मग त्याच नावाच्या पोराला तिने हाक कशी मारायची? म्हणून प्रत्येकाला घरातलं दुसरं नाव लागे: बाळ, बापू, अण्णा, तात्या. रत्नागिरीतच १८५६ साली आणखी एका मास्तरांच्या घरी जन्मलेल्या मुलाचं नाव केशव ठेवलं होतं. घरात त्याला बाळ म्हणत, आणि अख्ख्या देशाने पुढे ‘बाळ गंगाधर’ हेच नाव लक्षात ठेवलं. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव होतं हे आज सांगितलं तर अनेकांना नवल वाटतं.

एखादं नाव कधी जोरात होतं हे ओळखायची एक सोपी खूण म्हणजे ते माणसाच्या पूर्ण नावात कुठे बसलंय ते पाहणं. धोंडो केशव कर्वे (जन्म १८५८), मोरो केशव दामले, शंकर केशव कानेटकर म्हणजे कवी गिरीश, प्रल्हाद केशव अत्रे (जन्म १८९८) या सगळ्यांच्या नावात केशव मधे आहे, म्हणजे तो वडिलांच्या पिढीचा. पहिल्या जागी केशव असलेले केशव सीताराम ठाकरे १८८५चे, केशव बळीराम हेडगेवार १८८९चे, नट केशवराव दाते १८८९चे, गायकनट केशवराव भोसले १८९०चे, केशवराव जेधे १८९६चे. एकोणिसावं शतक सरेपर्यंत नाव पहिल्या जागी भक्कम होतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते हळूहळू मधल्या जागेवर सरकलं आणि तिथूनही उतरू लागलं. कादंबऱ्यांतून, सिनेमांतून नवी नावं आली, मग दोन अक्षरांची आली, मग अर्थ इंटरनेटवर शोधून ठेवलेली. आजोबांचं नाव नातवाला देण्याची रीत मोडली, तिच्याबरोबर केशवही गेला. हिंदी मुलखात तो अजून तरुण पोरांचं नाव आहे. आपल्याकडे केशव म्हटलं की धोतर, टोपी आणि काठी डोळ्यांपुढे येते. नावावर हा अन्यायच आहे, पण नावांच्या बाबतीत दाद कोणाकडे मागायची?

मालगुंडच्या कृष्णाजींनी केलं ते नेमकं या मधल्या जागेवरचं. मधलं नाव त्यांनी पुढे आणलं आणि आपलं मागे टाकलं. ‘काव्यरत्नावली’सारख्या नियतकालिकांतून कविता येत गेल्या तसतसं ‘केशवसुत’ रूढ झालं. आपल्या कवितेने जुन्या रूढींवर तुतारी फुंकणाऱ्या माणसाने स्वतःसाठी मात्र बापाचं नाव निवडावं, यात मला विसंगती दिसत नाही. देवाचं किंवा गुरूचं नाव लावून आपली ओळख सांगायची संतांची चाल होती. इथे देवाच्या जागी एक शाळामास्तर आला. माणसाला कवितेच्या मध्यभागी आणणाऱ्या कवीला ते शोभून दिसतं.

पुढे तर नात्यावरून टोपणनाव घ्यायची चालच पडली. काशीनाथ हरि मोडक ‘माधवानुज’ झाले, राम गणेश गडकरी ‘गोविंदाग्रज’. अत्र्यांच्याही वडिलांचं नाव केशवच. त्यांनी ‘केशवकुमार’ म्हणून १९२५ साली ‘झेंडूची फुले’ काढली आणि त्यात केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’चं विडंबन केलं. एका केशवाच्या मुलाने दुसऱ्या केशवाच्या मुलाची फिरकी घेतली! आणि सहा भावांत एकुलती एक बहीण असलेल्या कुसुमचे थोरले भाऊ विष्णु वामन शिरवाडकर ‘कुसुमाग्रज’ झाले.

केशवसुत मालगुंडला फार राहिले नाहीत. शिक्षणासाठी बडोदा, वर्धा, नागपूर, पुणे. नोकरीसाठी मुंबई, खानदेशात भडगाव आणि फैजपूर, शेवटी धारवाड. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीला प्लेगने गेले, आठवड्याभरात पत्नीही गेली. कविता सव्वाशेच्या थोड्या पुढे. हरि नारायण आपट्यांनी त्या मागाहून पुस्तकरूपात आणल्या. जन्मगाव त्यानंतर कैक दशकं शांत होतं.

१९९० साली रत्नागिरीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष मधु मंगेश कर्णिक. पुढच्याच वर्षी, २४ मार्च १९९१ला, मधुभाईंनी कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन केली. कोमसाप म्हणजे शहरातल्या संस्थांनी कोकणाकडे पाहावं म्हणून वाट न बघता कोकणाने स्वतःच मांडलेला डाव, असं माझं मत. सिंधुदुर्गापासून ठाणे-मुंबईपर्यंत शाखा निघाल्या. मुखपत्राला नाव दिलं ‘झपूर्झा’, म्हणजे पुन्हा केशवसुतांच्याच कवितेचं. आणि पहिलं मोठं काम हाती घेतलं ते मालगुंडच्या जन्मघराचं. ८ मे १९९४ रोजी स्मारकाचं उद्घाटन कुसुमाग्रजांनी केलं. बहिणीच्या नावाने ओळखला जाणारा कवी वडिलांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कवीच्या उंबऱ्यावर आला. मालगुंड ही मराठी कवितेची राजधानी, हे विशेषण गावाला मिळालं ते त्यांच्याच तोंडून.

जन्मघर कोकणी वळणाचं राखलं आहे. शिळांवर कविता कोरल्या आहेत, ग्रंथालय आहे, आधुनिक काव्यदालनात नंतरचे कवी आहेत. दालनाची कल्पना मला सर्वांत आवडते. एकाच कवीचं देऊळ करणं सोपं होतं. संस्थेने त्याच्या मागून आलेल्यांनाही घरात जागा दिली. पुळ्याला देवदर्शनाला आलेली मंडळी इथे डोकावून जातात, शाळांच्या सहली येतात. ओसरीवर उभं राहून कविता म्हणणाऱ्या पोरांना केशव कोण हे बहुधा माहीत नसतं, पण नाव ती मोठ्याने घेतात.

घराबाहेरही नाव फिरलं. मुंबईत दादर स्थानकालगतच्या उड्डाणपुलाला केशवसुतांचं नाव आहे. मे २०१७मध्ये दादर-सावंतवाडी गाडीला ‘तुतारी एक्स्प्रेस’ म्हणू लागले. गाडीने कवीचं नाव घेतलं नाही, कवितेचं घेतलं, हे बरंच झालं. नाहीतर तिकीट खिडकीवर त्याचं काय झालं असतं कोण जाणे.

आता नावांचा नियमच पालटला आहे. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम सरकारी कागदांवर सक्तीचा झाला. मधली जागा आता दोघांची. केशवसुतांची आई मालदौलीच्या करंदीकरांची लेक. कवीच्या टोपणनावात तिला जागा मिळाली नव्हती. स्मारकात केशवमास्तरांवर आणि या माउलीवर मिळून एक कोपरा असावा, अशी माझी कोमसापला सूचना आहे.

दुसरी सूचना जास्त कष्टाची. मालगुंड आणि आसपासच्या जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं वाळवीच्या आधी ग्रंथालयाने उतरवून घ्यावीत. कोणत्या दशकात किती केशव, किती कृष्णाजी, किती मोरो, आणि कोणत्या साली शेवटचा केशव पहिलीत बसला, हे त्यांतून मांडता येईल. संस्थेकडे जागा आहे, वाचणारी माणसं आहेत, आणि विषय तर दारावरच्या पाटीत आहे.