टेंभुर्णी

टेंभुर्णी : (सं. तिंदुक, हिं. तेंदू, गों. तुमरी, लॅ. डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन, कुल–एबेनेसी). मध्य भारताच्या पानझडी जंगलातील मध्यम उंचीचा वृक्ष. पूर्व विदर्भात झाडाला तेंदू, फळाला टेंभरं आणि पानाला नुसताच ‘पत्ता’ म्हणतात. कोकणात टेंभुर्णी म्हणून दाखवतात ती बहुधा याच वंशातील सदाहरित, दाट छायेची दुसरी जात. त्यामुळे वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांतील तिंदुक नेमका कोणता, याचा निकाल सांगणाऱ्याच्या प्रांतावर ठरतो.

साल काळी, भेगाळ, चौकोनी खवल्यांची. पान जाड व चिवट. नर आणि मादी झाडे वेगळी. मादी झाडाची पिवळी फळे चैत्र-वैशाखात पिकतात. कच्ची असताना तोंड आवळणारी, पिकली की गोड. अस्वलांना ती फार प्रिय आणि बियांचा प्रसार अस्वलेही करतात. सालीचा तुरट काढा जुलाबावर देत. लाकडाच्या काठ्या चिवट म्हणून नावाजलेल्या. जून खोडाचा गाभा काळा. जळताना हे लाकूड तडतडून ठिणग्या उडवते. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुला ही माता हरून आलेल्या मुलाला क्षणभर का होईना तिंदुकाच्या कोलितासारखा पेट, असे बजावते, ते या गुणामुळेच.

विसाव्या शतकात मात्र झाडाची ओळख पानापुरती उरली. वाळल्यावरही न फाटणारे, तंबाखू घट्ट धरणारे पान विडीला सोयीचे ठरले. शहापुरासारख्या नागपूर-भंडारा रस्त्यावरील भातपट्ट्यातल्या गावांपासून जंगलकाठच्या खेड्यांपर्यंत भंडारा जिल्ह्यात विड्या वळणे हा घरबसल्या, विशेषतः बायकांचा रोजगार होता. भिजवलेले पान पत्र्याच्या मापाने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोऱ्याने बांधायचे. मजुरी हजारी विड्यांवर. पानतोड एप्रिल-मेमध्ये होते. पहाटे अख्खे घर रानात जाते आणि दुपारी सत्तर पानांचा एकेक पुडा बांधून फळीवर, म्हणजे पानखरेदीच्या केंद्रावर, नेते. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी.

कोवळ्या, मोठ्या पानासाठी आधी झुडपे छाटतात; या छाटणीला बेटकटाई म्हणतात. त्यासाठी जंगलाला आगीही लावल्या जातात. वर्षानुवर्षे कमरेएवढ्याच राहिलेल्या झुडपाला टेंभरं कुठून लागणार? पानाच्या व्यापाराने फळ खाल्ले, असे म्हणणे अतिशयोक्त नाही.

आफ्रिकेच्या दक्षिण भागात याच वंशातील मेस्पिलिफॉर्मिस या जातीचे वेगळे चालले आहे. व्हेंडा भाषेत तिला मुसुमा म्हणतात. फळे माणसे व कोल्हे दोघेही खातात. ओकावांगोच्या पाणथळीत तिच्या खोडाच्या होड्या कोरतात. नामिबियात आणखी एका जातीच्या काड्या दातवणाला वापरतात. म्हणजे फळ, लाकूड, औषध हे उपयोग दोन्हीकडचे, विडी आपली.

महाराष्ट्रात तेंदूपानाचा व्यापार 1969 च्या वनोपज कायद्याने शासनाच्या हाती गेला. 2006 च्या वनहक्क कायद्याने तेंदूपान गौण वनोपज ठरले व त्यावर ग्रामसभांचा हक्क मानला गेला. गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा आता पान स्वतः विकतात. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने मात्र छाटणी, वणवे आणि तंबाखूने होणारे नुकसान लक्षात घेऊन पानतोडच बंद केली. तेथे टेंभरांची विक्री होऊ लागली आहे.