शिश्नाचा कर्करोग आणि एचपीव्ही : रिपोर्टमधल्या ‘पी१६’चा अर्थ काय?

शिश्नाचा कर्करोग तुलनेने दुर्मीळ आहे, पण पाश्चात्त्य देशांपेक्षा भारतात त्याचं प्रमाण जास्त आढळतं. लाजेपोटी अनेक पुरुष महिनोन्‌महिने मलम लावत राहतात आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत आजार पसरलेला असतो. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘एचपीव्ही’ आणि ‘पी१६’ हे शब्द दिसले की गोंधळ आणखी वाढतो.

एचपीव्ही म्हणजे काय?

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस हा त्वचेच्या संपर्कातून, मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरणारा विषाणू. त्याचे २०० हून अधिक प्रकार आहेत. बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काहींच्या शरीरात मात्र एचपीव्ही-१६ सारखे धोकादायक प्रकार वर्षानुवर्षं टिकून राहतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी एचपीव्हीचं नातं शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउजेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. त्या कर्करोगात जवळजवळ प्रत्येक वेळी हा विषाणू सापडतो, तर शिश्नाच्या कर्करोगात साधारण निम्म्या रुग्णांमध्ये.

पेशीचे दोन राखणदार

पेशीचं विभाजन ताब्यात ठेवणारी दोन प्रथिनं इथे महत्त्वाची आहेत. डीएनए बिघडला तर ‘पी५३’ विभाजन थांबवतं, आणि दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला मरायला लावतं. ‘आरबी’ हे प्रथिन योग्य वेळ येईपर्यंत विभाजन रोखून धरतं.

विषाणूचं ‘ई६’ प्रथिन पी५३ नष्ट करवतं, तर ‘ई७’ आरबीला निकामी करतं. दोन्ही राखणदार गेले की पेशी बेलगाम वाढते.

पी१६ जास्त, तरी कर्करोग?

पी१६ हेही विभाजनाला ब्रेक लावणारं प्रथिन, पण ते आरबीच्या मार्फत काम करतं. आरबीच निकामी झाल्यावर पेशी पी१६ तयार करत राहते आणि त्याचा उपयोग मात्र होत नाही. म्हणून तपासणीत भरपूर पी१६ दिसणं ही या गाठीमागे एचपीव्ही असल्याची खूण मानली जाते. अशा रुग्णांमध्ये उपचारांचे निकाल सरासरीने काहीसे बरे दिसतात.

विषाणू नसतानाही

उरलेल्या रुग्णांमध्ये वाट वेगळी असते. फायमोसिस (पुढची त्वचा मागे न सरकणं), दीर्घकाळची सूज, लायकेन स्क्लेरोसस हा त्वचारोग आणि तंबाखू ही त्यातली कारणं. इथे अनेकदा पी५३ च्या जनुकातच बिघाड होतो. म्हणजे विषाणू नसला, तरी राखणदार हटवला जातोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही या कर्करोगाचे एचपीव्हीशी संबंधित आणि असंबंधित असे दोन गट आहेत.

जोडीदारावर संशय घ्यावा का?

नाही. हा संसर्ग अतिशय सामान्य आहे आणि तो कधी झाला हे रिपोर्टवरून सांगता येत नाही. तो कित्येक वर्षांपूर्वीचाही असू शकतो. त्यामुळे रिपोर्ट हा कुणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. जोडीदार स्त्रीने गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करून घेणं मात्र शहाणपणाचं.

कधी दाखवावं?

न भरणारी जखम, गाठ, रंग बदललेला चट्टा, त्वचेखालून रक्त किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, जांघेत गाठ. दुखत नसलं तरी दोन-तीन आठवड्यांत डॉक्टरांना दाखवावं. प्रताप नगर किंवा नागपुरात कुठेही राहणाऱ्यांना मेडिकल, मेयो, तुकडोजी चौकातलं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था हे पर्याय शहरातच आहेत. लवकर निदान झालं तर बहुतेकदा अवयव वाचवता येतो.

लस

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती एचपीव्हीच्या ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांविरुद्ध आहे आणि मुलग्यांनाही देता येते. लस संसर्ग होण्याआधी घ्यायची असते. आधीच झालेला संसर्ग किंवा कर्करोग तिने बरा होत नाही.