मांजराला मधुमेह : इन्सुलिनआधी सिरिंज तपासा

तुमच्या मांजराला मधुमेह झाल्याचे नुकतेच कळले असेल, तर औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी हे वाचा. मी माणसांचा डॉक्टर. डोस पशुवैद्यकच ठरवतील. (धाराशिवकरांना शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.) पण इन्सुलिन बहुधा माणसांच्याच दुकानातून आणावे लागते आणि घोटाळा तिथे होतो.

मांजरांना बऱ्याचदा ग्लार्जिन देतात. त्याच्या १ मिलीत १०० युनिट असतात. आपल्याकडच्या नेहमीच्या इन्सुलिन बाटलीत बहुधा ४०. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी १०० साठी. ग्लार्जिन लाल सिरिंजमध्ये भरले तर डोस अडीचपट जातो. चार किलोच्या जिवाला तो झेपत नाही. बाटली आणि सिरिंजवरचा आकडा जुळवूनच घ्या.

मांजर जेवले नाही तर डोस देण्याआधी पशुवैद्यकांना फोन करा. झोकांड्या, मलूलपणा, झटके दिसले तर साखर उतरली समजा : हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी चोळा, तोंडात ओतू नका, तडक दवाखाना गाठा. आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या त्याला देऊ नका. दूध-पोळीऐवजी काय द्यायचे, तेही विचारा.

लवकर उपचार सुरू झाले तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे बंदही होते.